ते चार रन कुणाचे?

मुंबईची कांगा लीग ज्याने पाहिली नाही, त्याला पावसाळ्यातलं क्रिकेट समजावून सांगणं अवघड आहे. आझाद मैदानावर घोट्याला लागेल इतकं गवत, तंबूच्या कापडावरून टपटपणारं पाणी, आणि जमिनीलगत कितीही जोरात मारलेला चेंडू वीस पावलांवर जाऊन चिखलात बसणार. रन हवे असतील तर उचलून मारायचं, नाहीतर एकेक-दोनदोन पळायचं. १९९४ च्या ऑगस्टमधल्या एका रविवारी मी तिथे आमच्या क्लबच्या तंबूत स्कोअरबुक मांडीवर घेऊन बसलो होतो. संघात मी होतो तो स्कोअरर म्हणून. बॅट धरायची हौस मला होती, पण ती बघणाऱ्यांना सोसवत नसे.

पेन शाईचं होतं. त्याबद्दल मला अजून स्वतःचा राग येतो. तंबूच्या कापडाला मध्ये झोळ पडून त्यात पाणी साचलं होतं, ते उतरवावं म्हणून कुणीतरी खालून स्टंपने ढोसलं, आणि बादलीभर पाणी सरळ वहीवर आलं. शर्टाच्या बाहीने टिपेपर्यंत बोलिंगच्या पानावरच्या चार-पाच ओव्हरींची निळी रांगोळी झाली होती. फलंदाजांच्या रकान्यातल्याही काही ओळी गेल्या. समोरच्या संघाचा स्कोअरर वडापाव आणायला गेला होता. तो परत येऊन माझ्याच वहीतून उतरवून घेणार होता, नेहमीसारखा.

फळ्यावर १४३ होते. मी डाव संपल्यावर बेरीज मारली. फलंदाजांचे मिळून १२८, अवांतर ११, म्हणजे १३९. चार रन अक्षरशः पाण्यात गेले होते.

माझा मित्र तेव्हा ४६ वर नाबाद होता. मी ते चार त्याच्या नावापुढे लिहिले. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नाही. मंगळवारी पेपरात अगदी बारीक टाइपात त्याचं नाव छापून आलं, पुढे ५०. त्याच्या आयुष्यातली ती पहिली आणि शेवटची फिफ्टी. कात्रण त्याने लॅमिनेट करून घेतलं. त्या ओल्या ओव्हरींमध्ये त्याच्या समोरच्या टोकाला आणखी दोघे-तिघे येऊन गेले होते, ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आलीच नाही.

नोकरीने पुढे मला पिट्सबर्गला आणून टाकलं. इथे ॲलेगनी सेमेटरी नावाची जुनी, मोठी दफनभूमी आहे. टेकड्या, झाडी, कुठे हरणं. त्यात जमिनीला चिकटलेला एक साधा दगड आहे. त्यावर जॉश गिब्सन हे नाव, १९११ आणि १९४७ ही दोन सालं, आणि दंतकथा झालेला बेसबॉलपटू अशा अर्थाचे दोन-तीन शब्द. लोक त्याच्याभोवती बेसबॉलचे चेंडू ठेवून जातात, पावसाने त्यांचं चामडं सुटून येतं. हा दगडही १९७५ सालचा. त्याआधी अठ्ठावीस वर्षं तिथे काहीच नव्हतं. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या सन्मानदालनात, गिब्सनला १९७२ मध्ये घेतलं, म्हणजे तीन वर्षं असा प्रकार होता की माणूस हॉल ऑफ फेममध्ये आणि कबरीवर नावसुद्धा नाही.

दगडावर आकडा एकही नाही. मला ते बरं वाटलं, कारण इतर सगळीकडे आकड्यांचंच भांडण आहे.

गिब्सन कॅचर होता, म्हणजे आपला यष्टिरक्षक, आणि होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा भिंतीपलीकडचा फटका, मारण्यात त्याच्या तोडीचे फार थोडे झाले. तो काळा होता. त्यामुळे ज्यांना मेजर लीग म्हणायचे त्या गोऱ्यांच्या संघांचं दार त्याला बंद होतं. काळ्या खेळाडूंनी स्वतःच्या लीग उभ्या केल्या होत्या. पहिली टिकाऊ लीग १९२० मध्ये रुब फॉस्टरच्या पुढाकाराने कॅन्सस सिटीत स्थापन झाली. पिट्सबर्गमध्ये तर असे दोन बलाढ्य संघ होते, होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स. गिब्सन दोन्हीकडून खेळला. २० जानेवारी १९४७ ला तो वारला, वय पस्तीस. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि ते दार उघडलं.

आता आकडे. हॉल ऑफ फेममधल्या त्याच्या ब्राँझच्या पाटीवर लिहिलंय की लीगमधल्या आणि लीगबाहेरच्या सामन्यांत मिळून त्याने जवळजवळ ८०० होमरन मारले. आणि मेजर लीग बेसबॉलच्या आजच्या अधिकृत नोंदीत त्याच्या नावावर पावणेदोनशेच्या आसपास आहेत. एका माणसाचे हे दोन हिशेब. दोन्ही प्रामाणिक लोकांनीच मांडलेले, आणि मधल्या सहाशेंचं काय करायचं हा प्रश्न शिल्लक.

यातले बरेचसे लीगबाहेरचे, हे उघड आहे. काळ्या संघांचा संसार बसवर चाले. रविवारी लीगचा सामना मोठ्या शहरात, सोमवारी एखाद्या गिरणीच्या संघाशी, मंगळवारी कोळशाच्या खाणीच्या गावात, कधी एकाच दिवशी दोन गावांत. लीगच्या सामन्यांवर पोट भरत नसे, तिकीट जिथे खपेल तिथे जायचं. हे सामने आजच्या हिशेबात धरत नाहीत, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. खाण कामगारांच्या पिचरला, म्हणजे गोलंदाजाला, मारलेला होमरन आणि सॅचेल पेजसारख्या नामांकित पिचरला मारलेला होमरन एका रकान्यात लिहायचा नसतो. पण लीगचे म्हणून जे सामने झाले त्यांच्याही नोंदी पूर्ण नाहीत. खरी गोम तिथे आहे.

बेसबॉलमध्ये प्रत्येक सामन्याचं सार एका चौकोनात छापतात, त्याला बॉक्स स्कोअर म्हणतात. आपल्या धावफलकासारखंच. कोण कितीदा बॅटिंगला आला, किती हिट (चेंडू मारून सुखरूप तळ, म्हणजे बेस, गाठला ते), किती रन, कुणी कुणाला बाद केलं. गोऱ्यांच्या लीगमध्ये प्रत्येक मैदानावर नेमलेला स्कोअरर असे आणि कागद लीगच्या कचेरीत जात. काळ्यांच्या लीगमध्ये तो खर्च सगळ्यांना परवडत नसे. उरले ते पेपर. पिट्सबर्ग कुरियर, शिकागो डिफेंडर, बाल्टिमोरचा आफ्रो-अमेरिकन ही काळ्या वाचकांची वर्तमानपत्रं आठवड्यातून एकदा निघत. रविवारचा सामना त्यात येई. बुधवारी संध्याकाळी एखाद्या आडगावात झालेला सामना पुढच्या अंकापर्यंत शिळा होई, मग त्याच्या दोन ओळी, किंवा त्याही नाहीत. गोऱ्यांच्या दैनिकांनी जागा उरली तर छापायचं.

हे सगळं लोकांनी नंतर मायक्रोफिल्म फिरवून फिरवून गोळा केलं. गॅरी ॲशविल आणि त्याच्या सोबत्यांनी सीमहेड्स नावाचा माहितीसाठा उभा केला, लॅरी लेस्टरसारख्यांनी त्यात हयात घातली. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ मधल्या सात काळ्या लीगना मेजरचा दर्जा दिला. मग मेजर लीगचे इतिहासकार जॉन थॉर्न यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने छाननी केली आणि मे २०२४ च्या अखेरीस आकडे अधिकृत पुस्तकात गेले. त्या दिवशी गिब्सनची कारकिर्दीची बॅटिंग ॲव्हरेज ०.३७२ ठरली आणि गोऱ्यांच्या लीगमधला जुना विक्रमवीर टाय कॉब ०.३६७ घेऊन दुसऱ्या क्रमांकावर गेला. गिब्सनचं १९४३ सालचं ०.४६६ हे एका हंगामाचं सर्वोच्च ठरलं. आधीचा उच्चांक ह्यू डफीचा होता, ०.४४०, आणि तोही १८९४ चा.

ज्यांना बेसबॉल परका आहे त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की दहा वेळा बॅटिंगला येऊन तीन हिट मारणारा, म्हणजे ०.३०० वाला, चांगला समजला जातो.

मी एका शनिवारी ग्रंथालयात जाऊन मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढे बसलो. उगीचच. हात सवयीने बेरजा मारू लागतो. पडद्यावर करडा, ओरखडे पडलेला कागद सरकतो. केसांच्या तेलाच्या जाहिराती, चर्चच्या बातम्या, मध्येच एक चौकोन. त्यात कधी हिटचा रकाना आहे पण बॅटिंगला किती वेळा आला तो नाही. कधी वॉक दिलेले नाहीत. वॉक म्हणजे पिचरने चार चेंडू वाईट टाकल्यामुळे फलंदाज फुकटात पहिल्या तळावर जातो ते. ॲव्हरेज काढताना ती पाळी धरत नाहीत, त्यामुळे तो आकडा नसला की भागाकाराचा खालचा अंकच डळमळतो.

तरी स्कोअररच्या हाताशी एक हुकमी पडताळा असतो. संघातला जो जो माणूस बॅटिंगला येतो त्याचं शेवटी तीनपैकी एकच काहीतरी होतं. तो रन काढून घरी येतो, बाद होतो, किंवा इनिंग संपताना तळावर अडकून राहतो. चौथी वाट नाही. म्हणून रन, बाद आणि अडकलेले यांची बेरीज ही संघाच्या एकूण पाळ्यांइतकी यायलाच हवी. समजा, नऊ इनिंगमध्ये सत्तावीस बाद, पाच रन, सात अडकले. झाल्या एकोणचाळीस पाळ्या. नऊ जणांचा क्रम ठरलेला, तो मोडत नाही. एकोणचाळीसला नवाने भागा, चार वेळा सगळे आले आणि वर तिघे उरले. म्हणजे पहिले तिघे पाच-पाच वेळा आले, बाकीचे चार-चार वेळा. आपला कॅचर चौथ्या क्रमांकावर खेळत असेल तर तो चारदा आला. हा अंदाज नाही, गणित आहे. रकाना छापायचा राहिला म्हणून ते बिघडत नाही. फक्त यजमान संघ जिंकत असेल तर शेवटची अर्धी इनिंग खेळतच नाही, तेव्हा सत्तावीसच्या जागी चोवीस घ्यायचे, एवढं भान ठेवायचं. मी पहिल्यांदा ते ठेवलं नव्हतं आणि अर्धा तास यंत्राला शिव्या घातल्या.

यापुढे मात्र गणित थांबतं आणि अंदाज सुरू होतो. चारदा आला, दोन हिट. वॉक किती? एकही नसेल तर चारांत दोन, ०.५००. एक असेल तर तिनांत दोन, ०.६६७. इथे अभ्यासक काय करतात, तर ज्या सामन्यांची नोंद पूर्ण आहे त्यांत त्याला किती पाळ्यांमागे एक वॉक मिळायचा ते बघतात आणि तोच दर रिकाम्या जागी लावून पाहतात. गिब्सनला पिचर घाबरून असत, त्याला वॉक भरपूर. असा अंदाज पन्नास सामन्यांच्या बेरजेला चांगला लागू पडतो. एकेका सामन्याला तो लावला की हास्यास्पद होतो. कुठल्याही माणसाला सामन्यात अर्धा वॉक मिळत नाही.

मला सगळ्यांत आवडलेली युक्ती वेगळीच आहे. पिचरने फलंदाजाला तीन स्ट्राइक देऊन बाद केलं की ती विकेट, म्हणजे त्यांच्या भाषेत पुटआउट, कॅचरच्या नावावर जाते. पिचरच्या स्ट्राइकआउटचा रकाना कित्येक जुन्या चौकोनांत नाही, पण कॅचरच्या पुटआउटचा असतो. त्यातून त्याने झेललेले उंच फाऊल (रेषेबाहेर उडालेले चेंडू) आणि घरच्या तळावर टिपलेले गडी यांचा एक साधारण वाटा वजा केला की पिचरने किती जणांना स्ट्राइकवर उडवलं त्याचा सुगावा लागतो. तीसच्या दशकात क्रॉफर्ड्सच्या संघात सॅचेल पेज चेंडू टाकत होता आणि त्याच्यासमोर गिब्सन गुडघे मोडून बसलेला असे. म्हणजे जिथे पेजचा आकडा हरवलाय तिथे तो गिब्सनच्या खिशात सापडतो. एकाच्या हिशेबात दुसऱ्याचा हिशेब ठेवलेला. आपल्याकडे यष्टिरक्षकाचे झेल बघून गोलंदाजाचा अंदाज करायला गेलात तर फजिती होईल, इथे मात्र ते चालतं.

पण या सगळ्याने काय हाती येतं? ०.३७२ हा दर आहे. तो नमुन्यावरून काढता येतो, जसा भाताचा एक दाणा चेपून पातेलं शिजलं की नाही ते कळतं. थॉर्न यांच्या अंदाजाप्रमाणे काळ्या लीगच्या सामन्यांच्या साधारण तीन चतुर्थांश नोंदी हाती आल्या आहेत. उरलेला चौथा हिस्सा तसाच असेल असं धरलं तर दर फारसा हलणार नाही. होमरनची एकूण संख्या मात्र दाणा चेपून कळत नाही. त्यासाठी पातेलं केवढं होतं ते माहीत असावं लागतं, आणि पातेलं कुणी मोजलेलंच नाही. म्हणून मी ॲव्हरेजवर बोलतो, एकूण होमरनच्या आकड्यावर कुणी पैज लावायला आलं तर चहा मागवतो.

दरातही धुकं आहे. वॉक सोडून गिब्सनच्या नोंदल्या गेलेल्या पाळ्या दोन हजारांच्या थोड्या वर, कॉबच्या अकरा हजारांवर. दोन हजार पाळ्यांत निव्वळ नशिबाच्या इकडेतिकडे होण्याने ॲव्हरेज साधारण वीस हजारांश खाली किंवा वर जाऊ शकते. म्हणजे गिब्सनची कुवत ०.३५२ ची असेल, ०.३९२ ची असेल, दोन्ही शक्य. कॉबचा आकडा त्या धुक्याच्या अगदी मधोमध उभा आहे. मग पहिला कोण? जे घडलं आणि लिहिलं गेलं त्यात गिब्सन. कोण भारी होता असा प्रश्न असेल, तर कागद बोलत नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि २०२४ मध्ये जे भांडले त्यांतले निम्मे एकाचं उत्तर दुसऱ्याला देत होते.

माझी अडचण त्या चौथ्या हिश्श्याशी आहे. हरवलेला भाग सापडलेल्या भागासारखाच असेल, हे आपण किती सहज धरून चालतो. माझ्या वहीवर पाणी पडलं ते डोळे मिटून पडलं, कुठल्याही ओव्हरीवर पडलं असतं. जुन्या पेपरांवर पाणी असं पडलेलं नाही. सामन्याचा तपशील बऱ्याचदा संघच पेपरला कळवत. जिंकलेला संघ उत्साहाने तार करी, हरलेल्याला घाई नसे. रविवारच्या गर्दीच्या सामन्यात दोन्हीकडचे उत्तम पिचर उतरत आणि तोच छापून येई. आठवड्यातल्या सामन्यात तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा पिचर, आणि तो हरवला. म्हणजे जे गेलं ते गिब्सनसारख्याला सोपं होतं की काय? असेल. पण जे हरले म्हणून कळवलं नाही, त्यांत तो चारदा येऊन शून्यावर परतलाही असेल. तराजूची दोन्ही पारडी हलतात, आणि कुठलं जास्त, ते सांगणारा कागद नेमका त्याच ढिगाऱ्यात.

मैदानाचं गणित तर वेगळंच. ग्रेज वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्येही आपले घरचे सामने खेळत. तिथे डावीकडची भिंत चारशे फुटांच्या पुढे, आणि गिब्सन उजव्या हाताने खेळणारा, म्हणजे त्याचा हुकमी फटका त्याच बाजूला. जवळच्या भिंतीच्या मैदानावर त्याचे किती झाले असते, याची गणितं मांडणारे आहेत. मी ती वाचतो आणि मिटवून ठेवतो. जे झालं त्याचा हिशेब धड लागत नाही, तिथे न झालेल्याचा कुठे लावायचा?

दंतकथा मात्र ऐकाव्यात. पिट्सबर्गमध्ये त्याने इतका उंच चेंडू मारला की तो खालीच आला नाही. दुसऱ्या दिवशी फिलाडेल्फियात सामना चालू असताना आकाशातून एक चेंडू पडला, क्षेत्ररक्षकाने तो झेलला, आणि पंच गिब्सनकडे वळून म्हणाला, तू बाद, काल, पिट्सबर्गमध्ये. यात कुठे नोंद हरवलेली नाही बघा.

आता म्हणाल, हा गोंधळ काळ्यांच्या लीगचा, गोऱ्यांची पुस्तकं तरी चोख असतील. तर टाय कॉबचंच घ्या. १९१० च्या अमेरिकन लीगच्या वहीत त्याचा एक सामना दोनदा चढवला गेला. त्या सामन्यात त्याचे दोन हिट होते. पीट पामर नावाच्या आकडेतज्ज्ञाला हे सापडलं आणि १९८१ मध्ये जाहीर झालं, की कॉबचे एकूण हिट ४,१९१ नसून ४,१८९ आहेत. बेसबॉलच्या कमिशनरने बदल करायला नकार दिला. पुढे पीट रोझ त्या विक्रमाच्या मागे लागला आणि ११ सप्टेंबर १९८५ ला सिनसिनाटीत त्याने ४,१९२ वा हिट मारला तेव्हा अख्खं स्टेडियम उभं राहिलं. खरा हिशेब धरला तर विक्रम तीन दिवस आधी शिकागोतच मोडला होता. तिथे विक्रम मोडला म्हणून कुणी उभं राहिलं नाही.

पण या प्रकरणातला माझा माणूस कॉब नाही आणि रोझही नाही. १९१० मध्ये कॉबची बरोबरी करत होता क्लीव्हलँडचा नॅप लाजोई. त्या वर्षी जो अव्वल येईल त्याला चाल्मर्स कंपनीची मोटार मिळणार होती. दोनदा लिहिलेला तो सामना वजा केला की अव्वल लाजोई ठरतो. कंपनीने वाद नको म्हणून दोघांनाही मोटार दिली, पण पुस्तकात नाव राहिलं कॉबचं. नोंद चुकली, आणि चुकून कुणाकडे गेली, तर जो आधीच सगळ्यांत मोठा होता त्याच्याकडे. आणि चूक सापडल्यावरही ती त्याच्याकडेच राहू दिली.

हे वाचलं तेव्हा मला ते ४६ आठवले. म्हणजे मी काय केलं होतं ते पहिल्यांदा नीट दिसलं. चार रन हरवले होते. कांगा लीगच्या त्या गवतात जमिनीवरून चौकार जाणं जवळजवळ अशक्य. शक्यता बघायची तर ते चार म्हणजे एकेरी-दुहेरी असणार, आणि दोन-तीन जणांत वाटलेले असणार. मी ते अख्खे उचलून ज्याला फिफ्टीला चारच कमी होते त्याला दिले. कारण त्याला दिले तर त्याची गोष्ट होत होती. आठव्या क्रमांकाच्या फलंदाजाचे ३ चे ५ झाले असते तर कुणाला काय?

गिब्सनच्या बाबतीत समितीने तसं केलं नाही, याचं मला अप्रूप आहे. ज्या सामन्याचा कागद हाती आहे तोच धरला, जिथे नाही तिथे जागा मोकळी ठेवली. पावणेदोनशे हा आकडा पाहून त्याचे चाहते हिरमुसतात. मला तो ८०० पेक्षा जास्त मानाचा वाटतो, त्यातला प्रत्येक होमरन कुठल्या तरी पानावर बोट ठेवून दाखवता येतो. शिवाय नवं पान सापडलं की आकडा वाढायला मोकळा.

गिब्सनचं तसं काही जाणार नव्हतं. पाटीवर ८०० होतेच, गोष्टी होत्याच. त्या चौकोनांत त्याच्या वर-खाली जी नावं आहेत ती बघा. नुसती आडनावं. स्मिथ, डावीकडचा क्षेत्ररक्षक. जॉन्सन, तिसरा तळ. कुठला स्मिथ? अभ्यासक जनगणनेचे कागद, सैन्यभरतीची कार्डं, क्युबाला गेलेल्या बोटींच्या प्रवाशांच्या याद्या लावून लावून त्याला पहिलं नाव मिळवून देतात. कुणी दोनच सामने खेळलेला. त्यातला एक हरवला तर त्याची निम्मी कारकीर्द गेली. अंदाजाचं कुठलंही यंत्र त्याच्या मदतीला येत नाही, दर काढायला नमुनाच नाही. भातच एक दाणा.

असं आपल्याकडेही घडून गेलंय, म्हणून थोडं थांबतो. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात पी. बाळू, म्हणजे बाळू पालवणकर, नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास गोलंदाजी करत. कॅप्टन ग्रेग बाद झाला की दर खेपेला आठ आणे देई, असं सांगतात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरावर बळी घेतले, ते सगळे पुस्तकात आहेत. चांभार जातीत जन्मलेल्या या माणसाला चहा मैदानाबाहेर वेगळ्या भांड्यात देत, आणि हिंदूंच्या संघाचं कप्तानपद त्यांना कधी मिळालं नाही, तो मान पुढे धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाला. पण मला हुरहूर लागते ती त्या नेटमधल्या हजारो चेंडूंची. त्यांची कुणी टॅली ठेवली नाही. आठ आण्यांचा जमाखर्च कुणी लिहिला असता तर त्यावरून ग्रेगच्या विकेटी मोजता आल्या असत्या, कॅचरच्या खिशातून पिचरचा आकडा काढतात तशा.

मागच्या महिन्यात मी मित्राला फोन लावला. तो ठाण्यात, त्याच्याकडे रात्र. इकडचं तिकडचं झाल्यावर सांगून टाकलं. तीस वर्षांनी.

"तुझ्या फिफ्टीतले चार मी लिहिलेत रे. वही भिजली होती."

तो हसला नाही. "ते माझेच होते," तो म्हणाला. "पॉइंटच्या डोक्यावरून उचलून मारला होता. पलीकडच्या मैदानावर डबकं होतं, त्यात पडला. पाणी उडालं तेवढं. मला आत्ता दिसतंय."

"खात्री आहे?"

"अरे, फिफ्टी एकदाच केलीय. ती नाही आठवणार?"

असेलही. मी त्या वेळी बाहीने वही पुसत होतो, मी काहीच पाहिलं नव्हतं. चेंडू डबक्यात पडला असेल, आणि मी अंधारात मारलेला खडा नेमका लागला असेल. मग मी त्याला विचारलं की तेव्हा दुसऱ्या टोकाला कोण होतं.

तो थोडा वेळ गप्प राहिला. फोनमध्ये त्याच्या पंख्याचा आवाज येत होता.

"तो नाही का, उंचसा. डावखुरा होता बहुतेक. एक-दोन सामनेच खेळला आपल्याकडून." मग म्हणाला, "नाव नाही आठवत. तुझ्या वहीत असेल ना?"